वाचताना थांबवणारं कुणीतरी

(रामटेक येथील वार्षिक स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या आठवणीत आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांची मी विद्यार्थिनी. चौथीपर्यंत त्यांच्याजवळ शिकले आणि पुढं जन्मभर शिक्षिकेचीच नोकरी केली. आपलं नाव सारखं घेतलेलं त्यांना आवडत नसे, म्हणून मी त्यांना नुसतं गुरुजीच म्हणणार आहे. आयोजकांनी मला ‘शिक्षक कसा घडतो’ हा विषय दिला. तो फार मोठा आहे. मी त्यातला एकच पदर हातात घेते: लहानपणी घरात आणि शाळेत जे वाचलं, जे ऐकलं, त्याचं पुढं शिक्षकात काय होतं.

डी.एड., बी.एड.ला आपण पाठटाचण काढायला शिकतो, फळा कसा वापरायचा ते शिकतो, बालमानसशास्त्र शिकतो. ते सगळं लागतंच, मी त्याला कमी लेखत नाही. पण वर्गात उभं राहून पुस्तक उघडल्यावर आपण जसे वागतो, ते बहुतेक वेळा आपल्या लहानपणीच ठरून गेलेलं असतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मूल किती पुस्तकं वाचून मोठं झालं, याला मी दुसरं स्थान देते. वाचन चालू असताना त्याला मध्येच थांबवून विचारता येत होतं का, आणि विचारल्यावर वाचणारा थांबत होता का, हे मी पहिलं बघते. पुढं तो शिक्षक झाला तर कसा शिक्षक होईल, ते मला यातून कळतं.

आपल्या गावापासूनच सुरुवात करू. रामटेकच्या जुन्या घरांत श्रीधरस्वामींच्या पोथ्या नसतील असं क्वचितच. ‘हरिविजय’ 1702चा, ‘रामविजय’ त्याच्या पुढच्याच वर्षीचा, ‘पांडवप्रताप’ 1712चा आणि ‘शिवलीलामृत’ 1718चं. छापखाना आपल्याकडं यायला अजून अवकाश होता, तेव्हाचे हे ग्रंथ. पण पुढं ते छापून घरोघरी गेले आणि दोन-अडीच शतकं मराठी माणसाला वाचन म्हणजे काय ते या पोथ्यांनीच शिकवलं. एकट्यानं कोपऱ्यात बसून डोळ्यांनी वाचायचं, ही रीत आपल्याकडं बरीच उशिरा आली. आपलं वाचन मोठ्यानं होतं. एक वाचणारा, भोवती ऐकणारे, त्यात निम्म्याअधिक बाया, मांडीवर पेंगणारी पोरं.

आमच्या घरी पोथी आईकडं होती, कारण ती जुनी सातवी पास. आजीला अक्षरओळख नव्हती. पण पोथी ऐकावी तर आजीनं. चातुर्मासात दिवेलागणीनंतर आई ओसरीवर ‘रामविजय’ लावायची आणि आजी तिला ओवीओवीला अडवायची. “थांब वो. हे कोन म्हनलं? राम म्हनला का लक्षुमन?” आई मागची ओवी पुन्हा वाचायची. सीतेला वनात सोडण्याचा प्रसंग आला की दर वर्षी तेच व्हायचं. आजी म्हणायची, “पन तिले काऊन धाडलं रानात? तिचा का गुन्हा होता बाप्पा?” शेजारच्या एक काकू होत्या, त्या दचकून म्हणायच्या, पोथीला असं विचारू नये. आजी म्हणायची, “मंग कोनाले विचारू?” आई पोथीवर हात ठेवून गप्प बसायची. उत्तर तिच्याजवळ नव्हतं, पण ती पुढं वाचण्याची घाई करत नसे. कुणी काही, कुणी काही बोलायचं. मग आजीच म्हणायची, “वाच आता.” आणि हीच आजी सकाळी गडाच्या पायऱ्या चढून रामाच्या पायांवर डोकं ठेवायला जायची. भक्ती आणि प्रश्न एका घरात राहू शकतात, हे मला तिनं दाखवलं. वर्गात एखाद्या मुलानं मला अडवलं की मला राग येत नसे, याचं श्रेय मी कुठल्याही प्रशिक्षणाआधी त्या ओसरीला देते.

मराठीची परंपराच ही आहे, असं मी म्हणेन. हरिपाळदेव घरून निघाले ते रामटेकच्या यात्रेला जातो असं सांगून, आणि वाटेत रिद्धपूरला गोविंदप्रभूंची भेट होऊन ते चक्रधर झाले. त्या चक्रधरांच्या आठवणींचा ग्रंथ म्हणजे म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’. आपल्या भाषेतल्या या आद्य गद्यग्रंथात जागोजागी काय आहे? शिष्य विचारताहेत, स्वामी सांगताहेत. आणि त्या विचारणाऱ्यांत सगळ्यांत पुढं आहे महदाइसा. तिचं समाधान झाल्याशिवाय ती विषय सोडत नाही. मराठी गद्याच्या पायाशी एका बाईचे प्रश्न आहेत, ही गोष्ट आपल्या अध्यापक विद्यालयांत पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे.

आता मी तुम्हाला दुसऱ्या एका घरात नेते. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, कबीरपंथी होते. त्यांच्या घरी रात्री कथा ऐकायला माणसं जमत आणि रामायण-महाभारतातला भाग वाचून दाखवायचं काम असायचं त्यांच्या थोरल्या मुलाकडं आणि धाकट्या भीमरावाकडं, म्हणजे पुढच्या बाबासाहेब आंबेडकरांकडं. ऐकायला बहिणी असत, शेजारीपाजारी असत. बाबासाहेबांनी आयुष्याच्या शेवटच्या वर्षी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथासाठी जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात ही सगळी हकिगत आहे. प्रत्येक शिक्षकानं ती वाचावी, असं माझं कळकळीचं सांगणं आहे. कारण त्या घरात जे घडलं ते फार मोलाचं आहे.

भीमरावानं वडिलांना विचारलं, ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आहे आणि शूद्र-अस्पृश्यांची अवहेलना आहे, ते आम्ही का वाचायचे? वडिलांना प्रश्न आवडला नाही. पोरांनी असलं काही विचारू नये, सांगितलं ते करावं, म्हणून त्यांनी तो उडवून लावला. गोष्ट इथं संपली असती तर ती आपल्या हजार घरांतल्यासारखीच झाली असती. पण काही काळानं मुलानं पुन्हा विचारलं, आणि या वेळी वडील उत्तराची तयारी करून बसले होते. त्यांनी सांगितलं, आपण अस्पृश्य, म्हणून मनात न्यूनगंड येणं साहजिक आहे. तो जावा म्हणून हे वाचायचं. द्रोण बघ, कर्ण बघ, वाल्मीकी बघ, लहानाचे किती मोठे झाले. मुलाचं समाधान तरीही झालं नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण यांपैकी कुणी आपल्या मनाला पटत नाही, हे त्यानं सांगितलं. रामाचं वालीशी, शूर्पणखेशी आणि सीतेशी वागणं पटत नाही, हेही सांगितलं. वडील गप्प राहिले.

मंडळी, त्या मधल्या काळाबद्दल मी वर्षानुवर्षं विचार केला आहे. पहिल्या प्रश्नाला रागावलेले रामजी सुभेदार दुसऱ्या प्रश्नापर्यंत उत्तर शोधत राहिले. एक शिक्षक आपल्या मुलाच्या प्रश्नासाठी घरी अभ्यास करत होता. आणि उत्तर अपुरं पडल्यावर त्यांनी मुलावर हात उगारला नाही, पोथी हिसकावून घेतली नाही. सीतेचा जो प्रश्न आमच्या निरक्षर आजीला पडत होता, तोच त्या मुलालाही पडला होता. आजी तो घेऊन गडावर गेली, तो मुलगा तो घेऊन बुद्धाकडं गेला. वाटा वेगळ्या झाल्या, पण दोन्हीकडं विचारण्याची मुभा होती.

त्या वाटेवर पुस्तक देणारा माणूसही शिक्षकच होता. कृष्णाजी अर्जुन केळुसकर, मुंबईच्या विल्सन हायस्कूलमधले. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा संध्याकाळी वाचत बसलेला त्यांना दिसायचा. त्यांनी चौकशी केली, पुस्तकं सुचवली, पुरवली. मुलाच्या परीक्षेतल्या यशाबद्दल सभा भरली तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र त्याच्या हाती दिलं. ते चरित्र 1898 सालचं. पुढं त्याच्या शिक्षणासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडं शब्द टाकायलाही केळुसकरच गेले. आणि त्याच मुलाला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये संस्कृत घेऊ दिलं नव्हतं. त्याला फारशी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी नंतर स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतलं. आपल्या गावात 1997पासून कालिदासाच्या नावाचं संस्कृत विश्वविद्यालय उभं आहे. त्याच्या दारातून जाताना दरवाजाबाहेर ठेवलेल्या त्या विद्यार्थ्याची आठवण मला येते. आज तिथं कुठल्याही जातीचं पोर नाव घालू शकतं, याचा मला मनापासून आनंद आहे.

बाबासाहेब शिक्षक होते, हे आपण विसरतो. 1918मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पुढं सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य. 1945ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी, 1946ला सिद्धार्थ कॉलेज, 1950ला औरंगाबादचं कॉलेज. राजगृह हे घर बांधलं ते पुस्तकांसाठी जागा हवी म्हणून. बागेत बसून वाचणाऱ्या मुलाला कुणीतरी पुस्तक आणून दिलं होतं. त्या मुलानं पुढं हजारो मुलांना ग्रंथालयं मिळवून दिली.

पण इथं मला थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी आईची पोथी आणि रामजी सुभेदारांची कथा सांगते आहे, आणि समोर असे कितीतरी जण बसले असतील की ज्यांच्या घरात छापलेला कागद म्हणजे किराण्याची पुडी. घरात पोथी असणं हेच आपल्याकडं जातीनं आणि दारिद्र्यानं ठरवलेलं होतं. मग ज्याच्या घरात वाचन नाही त्याच्यातून शिक्षक घडत नाही का?

याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. जाईबाई चौधरी उमरेडच्या, 1892चा जन्म. दुष्काळात घर नागपूरला आलं. लहान वयात लग्न झालं, आणि नागपूर स्टेशनवरून कामठीपर्यंत डोक्यावर ओझी वाहून नेण्याचं काम ही मुलगी करायची. वाटेत एका मिशनरी बाईंचं तिच्याकडं लक्ष गेलं, त्यांनी तिच्या शिकण्याची सोय केली आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेचं काम दिलं. मुलांना शिकवायला अस्पृश्य बाई नको, म्हणून पालकांनी गिल्ला केला आणि ते काम गेलं. 1920च्या दशकात जाईबाईंनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकात अशा बायांची चरित्रं गोळा केली नसती, तर हे नाव आपल्यापर्यंत आलं नसतं. जाईबाईंना ओसरी मिळाली नाही, बाग मिळाली नाही. जे मिळालं नाही तेच त्यांनी दुसऱ्यांच्या मुलींना दिलं. नागपूर-कामठी रस्ता आपण सगळे वापरतो. त्या रस्त्यावर या बाईचं नाव लिहिलेलं असायला हवं, असं माझं मत आहे.

साने गुरुजींबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. ‘श्यामची आई’ आपल्या घरांत इतकी रुळली आहे की तिच्यातल्या एका साध्या प्रसंगाकडं आपलं लक्ष जात नाही. शेजारच्या मुलाकडं रामरक्षेचं पुस्तक आहे, श्यामकडं नाही. श्याम कुढतो. आई म्हणते, उतरून घे. आणि श्याम ते वहीत उतरून घेतो, पाठ करतो. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढं 1924 साली हाच मुलगा, म्हणजे साने गुरुजी, अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होऊन गेला, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी त्यानं ‘छात्रालय दैनिक’ सुरू केलं, तेही हातानं लिहून. शाळा, छात्रालयातली मुलांची दुखणीखुपणी, सगळं सांभाळून रात्री मुलांसाठी मजकूर लिहायचा आणि सकाळी तो त्यांच्यापुढं ठेवायचा. पुस्तक नसेल तर हातानं करायचं, हे त्यांना लहानपणी पालगडच्या घरात समजलं होतं.

आणखी एक गोष्ट बघा. नाशिकच्या तुरुंगात 1933च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहून झालेलं हे पुस्तक वाचण्यासाठी लिहिलेलंच नाही, ते सांगण्यासाठी लिहिलं आहे. रात्रीमागून रात्री श्याम आश्रमातल्या मित्रांना एकेक आठवण सांगतो. मित्र मध्येच बोलतात, गाव ऐकायला जमतो. ते पुस्तक मनात वाचलं तर अर्धंच मिळतं. चाळीस मुलांपुढं मोठ्यानं वाचून बघा. ‘मोठा होण्यासाठी चोरी’ ही गोष्ट मी दर वर्षी वाचायचे. पुस्तकाच्या ओढीनं श्याम पैसे चोरतो, हे आलं की वर्ग दोन भागांत तुटायचा. पुस्तकासाठी केली तर ती चोरी का? तासाची घंटा व्हायची आणि पोरं भांडतच बाहेर पडायची.

भांडणाचा विषय निघालाच आहे तर नरहर कुरुंदकरांचं नाव घेते. हैदराबादला मामांच्या घरी, प्राध्यापक नांदापूरकरांच्या सहवासात त्यांचं वाचन झालं. मामा मुक्तेश्वर आणि मोरोपंतांच्या महाभारतांची तुलना करणारे विद्वान, आणि भाचा त्यांच्याशीही वाद घालणारा. अभ्यासक्रमाबाहेरचंच इतकं वाचलं की इंटरच्या परीक्षेत नापास होत राहिले. पुढं नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिक्षक झाले, नंतर पीपल्स कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्या हाताखाली शिकलेली माणसं आजही सांगतात की सर आधी विद्यार्थ्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडून दाखवायचे आणि मग ती खोडायचे. नापास झालेल्या या मुलाला नोकरी देणारं कुणीतरी नांदेडात होतं, म्हणून मराठवाड्याला तो शिक्षक मिळाला.

आता आमचे गुरुजी. पाठ्यपुस्तक मंडळ म्हणजे आपली बालभारती 1967ची, आणि ‘किशोर’ मासिक 1971च्या नोव्हेंबरपासूनचं. माझ्या वयाच्या मुलांच्या हाती ही दोन्ही नवी कोरी आली. आमच्या आधीच्या पिढीचं तसं नव्हतं. 1956पर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी, त्यामुळे इकडची क्रमिक पुस्तकं वेगळी, पुण्या-मुंबईची वेगळी. मोठ्या भावंडांची पुस्तकं धाकट्यांना चालत नसत, असा तो काळ. गुरुजी ‘किशोर’चा अंक स्वतःच्या पैशानं आणायचे. पावसाळ्यात शाळेचं छत गळायचं, आम्ही सगळे कोरड्या कोपऱ्यात सरकायचो आणि गुरुजी अंक उघडायचे. वाचता वाचता ते अशा जागी थांबायचे की आम्ही ओरडायचो. मग ते विचारायचे, “सांगा, आता तो काय करील?” प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे, अगदी शेवटच्या रांगेतल्या धिवरांच्या पोराचंही. खिंडसीच्या तलावावर बापाबरोबर जाळं टाकणारा तो मुलगा धडा वाचताना अडखळायचा. पण एका गोष्टीत होडी उलटते असं आलं तेव्हा त्यानं हात वर करून सांगितलं, अशी होडी उलटत नाही गुरुजी, आधी पाणी भरतं. गुरुजींनी अंक मिटला आणि त्याला पुढं बोलावलं. त्या दिवशी आम्हाला होडी त्यानं शिकवली. गुरुजी खाली, आमच्यात बसले होते.

मी पुढं जे काही केलं ते यातूनच. देवलापारकडच्या एका शाळेत असताना वर्गात बरीच गोंड मुलं होती. घरात गोंडी, बाजारात हिंदी, पुस्तकात मराठी. वर्गात ती बोलतच नसत. ‘मुलं अबोल आहेत’ असा शेरा आधीच्या नोंदींत होता. एकदा मी एक गोष्ट वाचत होते. तिच्यात एक मुलगी दुपारी टोपली घेऊन मोहफुलं वेचायला जाते. एक पोरगी हळूच म्हणाली, “मॅडम, मोह पहाटे वेचतात. दुपारपर्यंत ढोरं खाऊन टाकतात.” मी थांबले. मग सगळी मुलं बोलायला लागली. फुलं रात्री गळतात, झाडाखालचा पालापाचोळा आधी साफ करावा लागतो, कोणतं झाड कुणाचं हे गावाला माहीत असतं. आम्ही त्या गोष्टीतली दुपार खोडून पहाट लिहिली, झाडाचं गोंडी नाव फळ्यावर आलं. त्या पोरीनं त्यानंतर पुस्तकाला घाबरणं सोडलं. छापलेलं चुकू शकतं, आणि ते आपण दुरुस्त करू शकतो, हे ज्याला बालपणी कळतं तो खरा वाचक होतो.

आपल्या गडाबद्दलही हेच सांगता येईल. ‘मेघदूता’तला रामगिरी म्हणजे चित्रकूट, असं जुना टीकाकार मल्लिनाथ सांगून गेला. काहींनी तो छत्तीसगडातल्या रामगढला नेला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वासुदेव विष्णू मिराशी तेवढ्यावर थांबले नाहीत. मेघाचा मार्ग तपासला, वाकाटकांचे ताम्रपट वाचले. प्रभावतीगुप्तेचा रिद्धपूरचा ताम्रपट रामगिरिस्वामींच्या पायांपाशी दिलेला आहे, हे लक्षात घेतलं, आणि रामगिरी म्हणजे रामटेक हे साधार मांडलं. मल्लिनाथासारख्याला अडवण्याची ही हिंमत एका शिक्षकानं दाखवली. गडावरच्या कालिदास स्मारकात मुलांची सहल नेता ना? तिथं नुसती चित्रं दाखवून परत येऊ नका. मिराशींनी काय विचारलं आणि कसं शोधलं, तेही सांगा. आणि ज्यांना मिराशींचं म्हणणं पटत नाही, त्यांचं काय म्हणणं आहे तेही सांगा.

आजचं चित्र काय आहे? 2013पासून आपल्या राज्यात शिक्षक पात्रता परीक्षा होते. तिच्यात भाषा असते, मानसशास्त्र असतं. उमेदवारानं मुलांसाठीचं शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं, हे त्याला कुणी विचारत नाही. त्याच्या लहानपणी त्याला कुणी वाचून दाखवलं का, हेही नाही. प्रथम संस्थेच्या 2022च्या ‘असर’ अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. मोबाइलला दोष देऊन आपण मोकळे होतो. मोबाइल नव्हता तेव्हा तरी कुठं सगळी मुलं वाचत होती? मी पाहिलेल्या कितीतरी शाळांत पुस्तकं आहेत, सुंदर पुस्तकं आहेत, आणि ती लोखंडी कपाटात कुलपाखाली आहेत. फाटली तर वसुली कुणाकडून, हरवली तर नोंद कुठं, या भीतीनं शिक्षक ती काढत नाहीत. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन येतो, त्या दिवशी कपाट उघडतं, मुलांच्या हाती पुस्तकं देऊन फोटो निघतो आणि संध्याकाळी कुलूप लागतं. यात मी शिक्षकाला एकट्याला दोष देणार नाही. हिशेबाच्या वहीत फाटलेलं पुस्तक हा तोटा मानला जातो. वरिष्ठांनी फाटलेलं पुस्तक वाचलेलं पुस्तक म्हणून मोजावं, असा एक आदेश निघाला तर शिक्षकांचा जीव भांड्यात पडेल.

जे तरुण शिक्षक इथं बसले आहेत त्यांना माझं सांगणं थोडं आहे. रोज पंधरा मिनिटं मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यावर परीक्षा घेऊ नका, तात्पर्य विचारू नका. मूल अडवेल तिथं थांबा. उत्तर येत नसेल तर रामजी सुभेदारांनी केलं तसं करा, घरी जाऊन तयारी करून या आणि पुढच्या वेळी सांगा. ज्यांच्या स्वतःच्या लहानपणी घरात पुस्तक नव्हतं, त्यांनी तर हे आवर्जून करावं, कारण वर्गातल्या कुठल्या मुलाला त्याची सर्वांत जास्त गरज आहे हे तुम्हालाच ओळखता येईल.

आणि पालकांना एक विनंती करून मी आपली रजा घेते. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात लिहिलेलं आहे की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलं पाहिजे, तिथं वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींची पुस्तकंसुद्धा असली पाहिजेत. ही मेहरबानी नाही, कायदा आहे. या आठवड्यात तुमच्या मुलाच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली कुठं आहे ते विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत तुम्ही असाल तर पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच घ्या. एकदा विचारून काम झालं नाही, तर पुन्हा विचारा.